पाण्यावर धावणे : एका शब्दप्रयोगाची भौतिक मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावापासून जवळच, तेरणा नदीच्या काठी तेर हे प्राचीन नगर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ज्याचा निर्देश ‘तगर’ या नावाने येतो, तेच हे स्थळ. येथील त्रिविक्रम व उत्तरेश्वर ही देवालये विटांची असून, तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात अशी या परिसराची ख्याती आहे. भाजलेल्या मातीची वीट जर पाण्यावर राहू शकते, तर जिवंत, चपळ आणि बलवान मनुष्य पाण्यावरून धावत का जाऊ शकत नाही, असा प्रश्न ढोकी-तेरच्या कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात सहज उभा राहील. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न होय.

प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे; परंतु तो तसा नाही. पाण्यावरून चालण्याची कल्पना आपल्या परंपरेत फार जुनी आहे. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात उदान वायूवर जय मिळविणाऱ्यास जल, चिखल, काटे इत्यादींचा संग होत नाही असे सांगितले आहे. आद्य शंकराचार्यांचे शिष्य पद्मपाद गुरूची हाक ऐकून नदीवरून धावत आले, ही आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. पण या कल्पनेचे मूल्य लोकांनी केवळ श्रद्धेने नव्हे, तर रोख पैशाने मोजल्याचीही उदाहरणे आहेत. १९६६ साली मुंबईत हठयोगी एल. एस. राव यांनी पाण्यावरून चालून दाखविण्याचा जाहीर प्रयोग योजिला. त्यासाठी तिकिटे विकली गेली, प्रतिष्ठित प्रेक्षक जमले, आणि पहिल्याच पावलास योगीमहाशय पाण्याखाली गेले. पुढे २०१० साली काही तरुण विशिष्ट बूट घालून तळ्यावरून अनेक पावले धावत जात असल्याची एक चित्रफीत जगभर पसरली. ती एका पादत्राणांच्या कंपनीची जाहिरात होती आणि पाण्याखाली पायांना आधार दडविलेला होता, हे नंतर उघड झाले; तोपर्यंत कित्येकांनी ती खरी मानली होती.

पहिल्या प्रसंगी लोकांनी योगसामर्थ्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्या प्रसंगी शास्त्रीय भासणाऱ्या बुटांवर. दोन्ही प्रसंगी चूक एकाच ठिकाणी झाली. पाणी पायाला आधार कसा देते आणि त्याचा मोबदला काय घेते, हे कोणी विचारले नाही. माझ्या मते या गोंधळाचा उगम पुष्कळ अंशी भाषेत आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने या भौतिक प्रश्नात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

२. ‘पाण्यावर’ या पदाचे तीन अर्थ

पुढील तीन वाक्ये पाहावीत : ‘नाव पाण्यावर आहे’; ‘किडा पाण्यावर चालतो आहे’; ‘चपटा खडा पाण्यावरून टप्पे घेत गेला’. तिन्ही वाक्यांत ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय आले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तेथे अधिकरणाचा एकच संबंध व्यक्त होतो. परंतु या तीन वस्तूंना वर धरणारी बले एकमेकांहून सर्वस्वी भिन्न आहेत. नावेला तिने बाजूस सारलेले पाणी उचलून धरते. किड्याला पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग तोलतो. खड्याला त्याने पाण्यावर केलेल्या आघाताची प्रतिक्रिया वर फेकते.

पहिल्या प्रकारासाठी मराठीजवळ समृद्ध शब्दसंपत्ती आहे. संस्कृत ‘तॄ’ या धातूपासून आलेली ‘तरणे’, ‘तारणे’, ‘तारू’, ‘तीर्थ’, ‘अवतार’ ही सर्व पदे आपल्या नित्य परिचयाची आहेत. तरून जाण्याच्या कल्पनेवर तर आपली भक्तीची परिभाषाच उभी राहिली आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांसाठी मात्र प्रमाण मराठीत स्वतंत्र, रूढ क्रियापद नाही. तेथे आपण जमिनीवरची क्रियापदे, म्हणजे चालणे, धावणे, उड्या मारणे, उसनी घेतो आणि ‘पाण्यावर’ हे पद त्यांस जोडतो. क्रियापदाबरोबर जमिनीची कल्पनाही नकळत पाण्यावर येते, आणि पाणी ही जणू थोडी नरम जमीन आहे असा समज होऊन बसतो. हा समज कोठे फसतो ते पाहण्यासाठी तिन्ही प्रकारांची क्रमाने तपासणी करू.

३. वीट : उत्प्लावनाचा आधार

तेरच्या विटेचे रहस्य तिच्या घनतेत आहे. मातीत भाताचे तूस मिसळून वीट भाजली असता तूस जळून जाते आणि त्याच्या जागी असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. वीट आकाराने तेवढीच राहते, वजनाने मात्र हलकी होते. एकंदर घनता पाण्याहून कमी झाली की वीट तरंगते. सामान्य विटेची घनता पाण्याच्या दीडपटीहून अधिक असते, म्हणून ती बुडते.

मनुष्यदेहाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ आहे. फुफ्फुसांत हवा भरून घेतली असता देह पाण्याहून किंचित हलका होतो आणि जेमतेम तरंगतो. पण तो जवळजवळ सगळाच पाण्याखाली राहून. संपूर्ण देह पाण्याबाहेर ठेवून पृष्ठभागावर उभे राहावयाचे असेल, तर साठ किलो वजनाच्या मनुष्यास स्वतःच्या वजनासाठी म्हणून साठ लिटर पाणी बाजूस सारणारे साधन पायाखाली घ्यावे लागेल. समजा, त्यासाठी पाण्याच्या चार-पंचमांश घनतेच्या विटा घेतल्या. अशा विटेचा प्रत्येक लिटर केवळ दोनशे ग्रॅम जादा भार पेलील. म्हणजे एका मनुष्यासाठी तीनशे लिटर आकारमानाच्या, दोनशे चाळीस किलो वजनाच्या विटा लागतील. लिओनार्दो दा व्हिंची याने पायांस तराफ्यासारखे फुगवटे बांधून पाण्यावरून चालणाऱ्या मनुष्याचे चित्र काढले आहे. तोही याच जातीचा उपाय होय. यात धावणे नाही, नौकानयन आहे.

४. किडा : पृष्ठताणाचा आधार

तळ्याच्या निवांत पाण्यावर लांब पायांचे किडे सहज चालताना दिसतात. त्यांच्या पायांखाली पाण्याचा पृष्ठभाग खळगा पडल्याप्रमाणे वाकतो, पण फाटत नाही. या पृष्ठताणाचे माप स्पष्ट आहे. सामान्य तापमानास पाण्याच्या कडेच्या प्रत्येक मीटर लांबीमागे तो सुमारे ०.०७२ न्यूटन एवढाच असतो. साठ किलो वजनाच्या मनुष्याचा भार सुमारे ५९० न्यूटन आहे. तो केवळ पृष्ठताणाने तोलावयाचा तर पायांच्या कडेची लांबी आठ किलोमीटरांहून अधिक असावी लागेल. तळव्यास तेल किंवा मेण लावून, अथवा जलरोधक बूट घालून हा आकडा बदलत नाही. उपरोक्त जाहिरातीतील बुटांचा दावा याच ठिकाणी निकालात निघतो.

५. आघाताचा आधार

आता तिसरा प्रकार, आणि खरा प्रश्न. तेर ही संत गोरा कुंभार यांची भूमी. नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडविणारे गोरोबा महाराष्ट्राच्या परिचयाचे आहेत. चिखल तुडविणाऱ्याचा पाय थोडा रुततो आणि मग थांबतो. कारण घट्ट मळलेली माती ठराविक मर्यादेपर्यंत स्थिर राहून भार सहन करू शकते. कोरडी जमीन तर मुळीच हलत नाही. धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकलेला असताना जागच्या जागी असतो. जमीन त्याला वर लोटते, पण पाय खाली सरकत नसल्यामुळे जमिनीस काही ऊर्जा द्यावी लागत नाही. भौतिकीच्या भाषेत, बल आहे पण विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य.

पाण्याचा स्वभाव याच्या उलट आहे. स्थिर अवस्थेत पाणी आकार बदलण्यास यत्किंचितही विरोध करीत नाही. त्याच्याकडून उत्प्लावनाखेरीज आधार हवा असेल, तर त्याला गती द्यावी लागते. पायाने पाणी खाली लोटावे, आणि त्या पाण्यास जेवढा संवेग मिळेल तेवढाच उलट दिशेने पायास मिळावा, असा हा व्यवहार आहे. साठ किलोच्या मनुष्यास बुडावयाचे नसेल, तर त्याने दर सेकंदास सुमारे ५९० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका खालच्या दिशेचा संवेग पाण्यास देत राहिले पाहिजे. हे पाणी निघून जाताना गतिज ऊर्जाही घेऊन जाते, आणि ती परत मिळत नाही. जमीन आधार फुकट देते. पाणी तो दर क्षणी विकत देते. ‘पाण्यावर धावणे’ आणि ‘जमिनीवर धावणे’ या दोन शब्दप्रयोगांतील खरा भेद हा आहे.

तरीही हा सौदा परवडणारा एक प्राणी सृष्टीत आहे. मध्य अमेरिकेत आढळणारा बॅसिलिस्क नावाचा सरडा शत्रूपासून पळताना मागच्या दोन पायांवर पाण्यावरून धावत जातो. ग्लाशीन आणि मॅकमहॉन या संशोधकांनी १९९६ साली त्याच्या गतीचे विवरण प्रसिद्ध केले. त्याच्या प्रत्येक पावलाचे तीन भाग पडतात. प्रथम तो पसरलेल्या बोटांचा तळवा पाण्यावर थापतो. नंतर पाय वेगाने खाली व मागे लोटतो, त्यामुळे पायामागे हवेची पोकळी निर्माण होते. आणि ती पोकळी मिटण्यापूर्वी पाय तिच्यातूनच वर काढून घेतो. पोकळी मिटली, की पायावर पाणी येते आणि पाय उपसण्याचा भार वाढतो. सरड्यास हे सर्व सुमारे एक-दशांश सेकंदाच्या आत उरकावे लागते.

या संशोधनातील सर्वांत बोधप्रद भाग आकारमानाविषयीचा आहे. दोन ग्रॅम वजनाचे पिल्लू पाण्यापासून आपल्या वजनाच्या सुमारे २२५ टक्के आधार मिळवू शकते. दोनशे ग्रॅमच्या प्रौढ सरड्यास तो केवळ १११ टक्के मिळतो. म्हणजे पिल्लाजवळ सव्वापट शिल्लक आहे, प्रौढाजवळ ती जवळजवळ संपली आहे. कारण भूमितीचे आहे. लांबी दुप्पट झाली की तळव्याचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. जो व्यवहार सरड्यासच दोनशे ग्रॅमच्या पुढे परवडेनासा होतो, तो त्याच्या तीनशेपट वजनाच्या मनुष्यास कसा परवडावा?

६. मनुष्याचा हिशेब

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. तळव्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरावे. पाण्यात सरळ खाली जाणाऱ्या तळव्यास होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उपरोक्त संशोधकांनी मोजलेला विरोधाचा गुणांक सुमारे ०.७ आहे. खोलीमुळे येणारा लहानसा दाब सोडून दिला, तर वेग सेकंदास ‘व’ मीटर असताना विरोध ७ × व × व न्यूटन इतका येतो. हा विरोध ५९० न्यूटन होण्यासाठी वेग सेकंदास सुमारे ९ मीटर असावा लागतो.

हा आकडा वरवर पाहता फार मोठा वाटत नाही. पण पाय खाली किती जाऊ शकेल? अर्धा मीटर धरू. सेकंदास ९ मीटर वेगाने अर्धा मीटर अंतर एका सेकंदाच्या अठराव्या भागात संपते. म्हणजे आधार अखंड राहण्यासाठी सेकंदास अठरा पावले पडली पाहिजेत. उत्तम धावपटूची पावले सेकंदास चार ते पाच पडतात. पावले तेवढीच ठेवावयाची, तर प्रत्येक पावलाने अधिक संवेग दिला पाहिजे. सेकंदास चार पावले धरल्यास एका पावलाच्या वाट्यास सुमारे १४७ एकके येतात. बल आणि काळ यांचा गुणाकार केला असता एका पावलाचा आवेग ३.५ × व इतका निघतो. वेग वाढला की बल वाढते, पण आघाताचा काळ घटतो, म्हणून आवेग वेगाच्या वर्गाने नव्हे तर केवळ वेगाच्या प्रमाणात वाढतो. त्यावरून लागणारा वेग सेकंदास ४२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे दीडशे किलोमीटर ठरतो. ग्लाशीन व मॅकमहॉन यांनी ८० किलो वजनाच्या मनुष्यासाठी वेगळ्या गृहीतांवर सेकंदास सुमारे ३० मीटर हा वेग काढला होता. गृहीते बदलली की आकडा बदलतो. त्याची पातळी बदलत नाही. तुलनेसाठी, २००९ साली बर्लिन येथे युसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत तोडले, तेव्हा त्याचा सर्वोच्च वेग सेकंदास सुमारे साडेबारा मीटर होता.

आता शक्तीचा हिशेब. सेकंदास अठरा पावलांचा सर्वांत काटकसरीचा पर्याय घेतला, तरी ५९० न्यूटन गुणिले ९ मीटर, म्हणजे सुमारे ५,३०० वॅट शक्ती पाण्यास अखंड द्यावी लागते. कसलेला खेळाडू काही काळ टिकवून धरू शकतो ती शक्ती ३५० ते ४०० वॅट असते. गरज आणि कुवत यांत सुमारे पंधरापट अंतर आहे. उपरोक्त संशोधकांनीही मनुष्यास कुवतीच्या पंधरापट शक्ती लागेल असाच निष्कर्ष काढला होता. चार पावलांचा पर्याय घेतल्यास गरज २४,००० वॅटांच्याही वर जाते.

यावर कोणी म्हणेल, की तळव्यास रुंद फळ्या बांधाव्यात. फळी रुंद केली की लागणारा वेग कमी होतो आणि शक्तीही कमी होते, हे खरे. परंतु ३५० वॅटांत काम भागावयाचे तर पायाचा वेग सेकंदास ०.६ मीटर इतकाच ठेवता येईल, आणि त्या वेगास पुरेसा विरोध मिळण्यासाठी प्रत्येक फळी साडेचार चौरस मीटरांहून मोठी असावी लागेल. दोन-अडीच बाजा शेजारी शेजारी मांडल्यावर जी जागा व्यापतात, तेवढी ही फळी प्रत्येक पायास बांधून, ती पाण्यातून उपसून पुन्हा टाकीत राहावयाचे! येथे धावणे संपून पुन्हा तराफ्याचा प्रांत सुरू होतो.

या विवेचनावरून पाणीच मनुष्यास पेलण्यास असमर्थ आहे असे मात्र समजू नये. वेगवान मोटारबोटीच्या मागे दोर धरून अनवाणी पायांनी पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. ताशी पन्नास-साठ किलोमीटर व त्याहून अधिक वेगास केवळ दोन तळव्यांवर मनुष्य पाण्यावर उभा राहतो. तेथे पाणी तेच, तळवेही तेच. पाण्यास द्यावयाची शक्ती मात्र स्नायू पुरवीत नसून यंत्र पुरविते. उणीव पाण्यात नाही, आपल्या स्नायूंत आहे.

७. दोन अपवाद

पहिला अपवाद गुरुत्वाकर्षणाचा आहे. वजन कमी झाले, तर पाण्यास द्यावयाचा संवेगही कमी होईल. इटलीतील मिनेत्ती व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली हा प्रयोग केला. माणसांना पट्ट्यांनी टांगून त्यांच्या वजनाचा मोठा भाग उचलून धरण्यात आला. पायांस लहान ताठ पंख बसविण्यात आले. आणि पाण्याच्या टाकीत त्यांना जागच्या जागी धावण्यास सांगण्यात आले. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ टक्क्यांपर्यंत पाण्यावर तग धरणे शक्य झाले. चंद्रावरील गुरुत्वाकर्षण सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे चंद्रावर बंदिस्त जागेत तळे निर्माण केले, तर पंख बांधलेला मनुष्य त्यावर धावू शकेल. या संशोधनास २०१३ साली भौतिकीचे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले. आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी ते दिले जाते.

दुसरा अपवाद द्रवाच्या जातीचा आहे. मक्याच्या पिठाचे सत्त्व पाण्यात दाट कालवून भरलेल्या हौदावरून माणसे खरोखर धावत जातात. थांबली की मात्र रुततात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या गृहिणीस यासारखा अनुभव असतो. तळाशी बसलेल्या चिकात बोट हळू घातले तर आत जाते, झटक्याने मारले तर अडते. अशा मिश्रणात आघाताखालचे कण एकमेकांत अडकून क्षणभर घन पदार्थासारखा गठ्ठा तयार होतो, हे वेटुकायटिस व जेगर यांनी २०१२ साली दाखविले. हा गुण निव्वळ दाटपणाचा नव्हे. ढोकीचा परिसर उसाचा व साखर कारखान्याचा. तेथील विद्यार्थ्यास काकवीचा दाटपणा सांगावयास नको. काकवी पाण्याहून कितीतरी दाट असते, पण तिच्यावर उभा राहिलेला मनुष्य सावकाश का होईना, आत जाईलच. ‘दाट’ या एका विशेषणाखाली आपण दोन निरनिराळे गुण एकत्र करतो, हे येथे पुन्हा दिसून येते.

८. समारोप

सारांश, उत्प्लावन, पृष्ठताण आणि आघात या तीन आधारांखेरीज ‘पाण्यावर’ राहण्याचा चौथा मार्ग नाही. पहिल्यासाठी आकारमान लागते, दुसऱ्यासाठी कडेची लांबी, तिसऱ्यासाठी शक्ती. पृथ्वीवर, साध्या पाण्यावर, केवळ स्वतःच्या स्नायूंच्या बळावर मनुष्यास धावता येणार नाही; आणि ही अडचण सराव वाढविल्याने अथवा बूट सुधारल्याने दूर होणारी नाही, कारण अंतर पंधरापटीचे आहे.

परंपरेतील कथांचे मूल्य यामुळे उणावत नाही. पद्मपादांच्या कथेत त्यांच्या प्रत्येक पावलाखाली कमळ उमलते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पायाखाली काहीतरी असले पाहिजे, ही जाणीव कथाकारासही होती. कथा कथा म्हणून सांगितली जाते तोवर तिच्याकडून न्यूटनांचा हिशेब मागण्याचे कारण नाही. तिकीट लावले जाते किंवा वस्तू विकली जाते, तेव्हा मात्र तो मागणे प्रेक्षकाचा हक्क आणि अध्यापकाचे कर्तव्य ठरते. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध आहे. पण कायदा फसवणूक झाल्यानंतर धावून येतो. त्यापूर्वी ‘आधार कोणता?’ हा प्रश्न विचारण्याची सवयच उपयोगी पडते.

आपल्या विभागापुरते एक काम यातून सुचते. प्रमाण मराठीत आघाताने पाण्यावर राहण्याच्या क्रियेस स्वतंत्र शब्द नाही. बोलींत तो नसेलच असे नाही. चपटा खडा पाण्यावर टप्पे घेतो त्या खेळास, पृष्ठभागावर चालणाऱ्या किड्याच्या गतीस, चिखलात पाय रुतण्याच्या निरनिराळ्या अवस्थांस गावोगावचे लोक काय म्हणतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. तेरणेच्या खोऱ्यातील कुंभार, कोळी व शेतकरी यांच्या बोलीपासून तिला आरंभ करता येईल.